मेंदूचे भाग कोणते, कोण काय काम करतं? – बाबांच्या एमआरआय रिपोर्टच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबा ६४ वर्षांचे, तीन आठवड्यांपूर्वी लकवा मारला, रिपोर्टात "लेफ्ट एमसीए टेरिटरी इन्फार्क्ट" लिहिलंय. उजवा हात लुळा पडलाय, तोंड वाकडं, पाय मात्र आता बऱ्यापैकी उचलतात. बोलणं गेलंय, "हो हो" आणि "अरे" एवढंच येतं, स्वतःचं नाव सांगता येत नाही, पण संध्याकाळी घरात आरती सुरू झाली की अख्खी आरती शब्दासकट म्हणतात. शेजारच्या काकांच्या एमआरआयमध्ये तर नुसता ठिपका होता तरी त्यांची एक बाजू पूर्ण गेली, असं कसं? मुलीचं दहावीचं पुस्तक काढून बघितलं तर त्यात प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ, झालं संपलं. तर नीट समजेल असं सांगा.

सांगतो. मी न्यूरोलॉजिस्ट आहे, बावीस वर्षं हेच काम करतोय, आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न रोज ओपीडीत येतो पण तिथे बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात त्यामुळे उत्तर दोन मिनिटांत आटपावं लागतं. इथे जरा लांबण लावतो.

आधी पुस्तकातलं. ते तीन शब्द चुकीचे नाहीत, प्रमस्तिष्क म्हणजे मोठा मेंदू, अनुमस्तिष्क म्हणजे मागे खाली लटकलेला छोटा मेंदू, आणि मस्तिष्कपुच्छ म्हणजे मेंदूच्या देठाचा सगळ्यात खालचा तुकडा जो पुढे मणक्यातल्या मज्जारज्जूला मिळतो. वजन सगळं मिळून साधारण १३०० ते १४०० ग्रॅम. शरीराच्या वजनाच्या २ टक्के, पण बसल्या बसल्या शरीराचा जवळपास २० टक्के ऑक्सिजन हाच खातो, म्हणून तर रक्त दोन-चार मिनिटं थांबलं तरी गडबड होते. मेडिकलला पहिल्या वर्षी आम्ही जो मेंदू हातात घेतो तो फॉर्मलिनमध्ये मुरलेला असतो, पनीरसारखा घट्ट, त्यामुळे आमचाही समज तोच होतो की मेंदू म्हणजे काहीतरी टणक वस्तू. पहिल्यांदा ऑपरेशन थिएटरमध्ये जिवंत मेंदू बघितला तेव्हा कळलं की तो कोवळ्या खरवसासारखा असतो, गुलाबी, आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर हलतो. आणि हो, त्याला स्वतःला दुखत नाही. डोकं दुखतं ते बाहेरच्या आवरणांना आणि रक्तवाहिन्यांना, म्हणूनच काही ऑपरेशनं पेशंटला जागं ठेवून, त्याच्याशी गप्पा मारत करता येतात.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मेंदूच्या बाबतीत किती गेलं यापेक्षा कुठे गेलं याला जास्त किंमत आहे. आणि कुठला भाग काय करतो हे आम्हाला कळलंय तेही बरंचसं तो भाग बिघडल्यावर काय बंद पडलं हे बघूनच. चांगल्या मेंदूकडे कितीही बघत बसा, तो काही सांगत नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण तुमच्या बाबांसारखंच आहे. पॅरिसजवळच्या बिसेत्र हॉस्पिटलमध्ये लबोर्न्य नावाचा एक माणूस तब्बल २१ वर्षं राहिला, त्याला एकच शब्द यायचा, "टॅन". काहीही विचारा, टॅन टॅन. लोक त्याला टॅनच म्हणायला लागले. समोरच्याचं बोलणं त्याला बरंचसं कळायचं, आणि चिडला की एक फ्रेंच शिवी मात्र पूर्ण बाहेर पडायची. १८६१ च्या एप्रिलमध्ये तो गेला, पॉल ब्रोका या सर्जनने त्याचा मेंदू तपासला, तर डाव्या कपाळाच्या आत, भुवईच्या टोकाच्या जरा मागे खराबी सापडली. तेव्हापासून त्या जागेला ब्रोकाचा एरिया म्हणतात.

तुमच्या बाबांचं तेच आहे असं समजा, म्हणजे शब्द जुळवून बाहेर काढायचं जे काम डावीकडे होतं त्याला फटका बसलाय. उजव्या हाताने कामं करणाऱ्या बहुतेक सगळ्यांची भाषा डाव्या बाजूला असते. मग आरती कशी येते? तर आरती, पाढे, वार, एक ते दहा आकडे, शिव्या, "नमस्कार" "बरंय", हे सगळं आपण जुळवून बोलत नाही, ते हजार वेळा घोकलेलं एकसंध गाठोडं असतं, चाल लागली की आपोआप सुटतं, आणि चालीचा-सुराचा बराच कारभार उजव्या अर्ध्याकडे असतो जो बाबांचा शाबूत आहे. "तुमचं नाव काय" याचं उत्तर मात्र नव्याने बांधावं लागतं. म्हणजे बाबा नाटक करत नाहीयेत, हे घरातल्या सगळ्यांना सांगा, कारण "आरती म्हणता येते मग बोलायला काय होतं" हे वाक्य मी इतक्या सुनांच्या, मुलांच्या तोंडून ऐकलंय की विचारू नका.

अजून एक चूक सगळेच करतात. बोलता येत नाही ना, मग लिहून दाखवा, असं म्हणून पेन हातात देतात. ते जमत नाही, जमणारही नाही, कारण बिघाड जिभेत नाही, भाषेत आहे, आणि भाषा तोंडातून यावी की हातातून, कारखाना तोच. नुसती जीभ जड झालेला पेशंट वेगळा, तो बोबडं बोलतो पण लिहून व्यवस्थित दाखवतो. दोन्हीत फार फरक आहे.

याच्या उलटा प्रकारही असतो. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके नावाच्या २६ वर्षांच्या जर्मन डॉक्टरने मांडलं की कानाच्या वर जरा मागे एक जागा आहे, ती गेली की माणूस धडाधड बोलतो पण अर्थ काही नाही, आणि समोरच्याचंही त्याला कळत नाही. अशा एका आजोबांना मी विचारलं, जेवलात का, तर म्हणाले, "ते तर आपलं त्या गाडीचं पातळ करून ठेवलंय ना तिकडे, मग कशाला परवाची किल्ली." सूर अगदी गप्पांचा, हातवारे बरोबर, वाक्याला वाक्य जोडलेलं. घरच्यांनी त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं होतं, वेड लागलं म्हणून. हातपाय सगळे चालू होते ना, त्यामुळे लकव्याची शंकाच कुणाला आली नाही.

आता हात गेला आणि पाय सुधारला, त्याचं. मोठ्या मेंदूच्या डाव्या-उजव्या प्रत्येक अर्ध्यात चार खोल्या मोजतात, पुढची फ्रॉन्टल, वरची मधली पराएटल, कानाजवळची टेम्पोरल आणि अगदी मागची ऑक्सिपिटल. फ्रॉन्टल आणि पराएटल यांच्या सीमेवर कानापासून टाळूपर्यंत जाणारी एक पट्टी आहे, हेअरबँड लावल्यासारखी, तिचा पुढचा काठ हालचालीचा हुकूम सोडतो आणि मागचा काठ स्पर्श ओळखतो. या पट्टीवर आख्खं शरीर उलटं टांगलेलं आहे असं समजा. कानाजवळ तोंड-जीभ, त्याच्या वर हात, टाळूजवळ धड, आणि पाय डोक्याच्या मधल्या फटीत आत सोडलेला. वाइल्डर पेनफिल्ड या मॉन्ट्रियलच्या सर्जनने जाग्या पेशंटच्या मेंदूवर हलका करंट लावून १९३७ मध्ये हा नकाशा छापला. त्यात अंगठा, ओठ, जीभ यांना अवाढव्य जागा आणि पाठीला चिमूटभर, कारण जागा आकाराने नाही, बारीक कामाने मिळते.

तुमच्या रिपोर्टातलं एमसीए म्हणजे मिडल सेरेब्रल आर्टरी, मेंदूच्या बाहेरच्या अंगाला रक्त देणारी मोठी नळी, आणि इन्फार्क्ट म्हणजे रक्त न मिळाल्याने मेलेली जागा. तोंड आणि हात तिच्या हद्दीत येतात, पाय जो आतल्या फटीत आहे त्याला पुढची वेगळी नळी रक्त देते. म्हणून तोंड-हात जास्त, पाय कमी. आणि डावीकडे बिघाड असून उजवं अंग का, तर मेंदूतून खाली येणारे बहुतेक धागे मस्तिष्कपुच्छात एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात. हा क्रॉस कशासाठी केलाय ते मला विचारू नका, पण आहे.

आणि शेजारच्या काकांचा ठिपका? हे मला फार आवडतं समजावून सांगायला. वर पट्टीवर हात-पाय-तोंड ऐसपैस पसरलेले आहेत, पण तिथून निघणारे सगळे धागे खाली येताना मेंदूच्या मध्यात एका बोळातून जातात, इंटर्नल कॅप्सूल म्हणतात त्याला. गावात कितीही गल्ल्या असू दे, घाट एकच, आणि घाटात एक ट्रक आडवा झाला की सगळंच ठप्प. काकांची बारीकशी नळी तिथे बंद झाली, सेंटिमीटरभर जागा गेली, आणि त्यातून जाणारे तोंड, हात, पाय तिन्ही गेले. पण भाषा मात्र वर शाबूत, म्हणून काका झोपून का होईना, सगळ्यांना सूचना देत असणार. उलट उजव्या फ्रॉन्टलच्या पुढच्या टोकात लिंबाएवढी गाठ असलेले लोक मी बघितलेत जे स्वतः स्कूटर चालवत आले होते.

तर फ्रॉन्टल. हालचालीची पट्टी सोडली तर पुढचा सगळा भाग माणसाच्या स्वभावाचा, नियोजनाचा, आणि ब्रेकचा. ब्रेक म्हणजे मनात आलेलं सगळं तोंडातून न काढणं. यात फिनिअस गेजची गोष्ट सगळीकडे सांगतात, १३ सप्टेंबर १८४८, अमेरिकेतलं व्हरमाँट, रेल्वेसाठी सुरुंग लावताना साडेतीन फुटांची, सहा किलोची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालाखालून घुसून टाळूतून बाहेर गेली, आणि तो त्या दिवशीही बोलत होता. नंतर स्वभाव पार बदलला, शिवराळ झाला वगैरे. पण गोष्ट सांगणारे एक गाळतात, की तो पुढे चिलीत जाऊन काही वर्षं घोडागाडी हाकत होता, ते काम काही बेभान माणसाचं नाही. म्हणजे बराच सावरलाही होता.

आपल्याकडे फ्रॉन्टलचा पेशंट ओळखायला उशीर होतो, कारण घरच्यांना तो आजार वाटतच नाही. आयुष्यभर शिस्तीत राहिलेले मास्तर रिटायर झाल्यावर अचानक पाहुण्यांसमोर अचकट विचकट बोलायला लागतात, नको ते ऑनलाइन मागवतात. किंवा उलट, दिवसभर खुर्चीत बसून राहतात, उठा म्हटलं तर उठतात, जेवा म्हटलं तर जेवतात, पण आपणहून काही नाही. "आळशी झालेत" म्हणतात. अहो, चाळीस वर्षं पहाटे पाचला उठणारा माणूस दोन महिन्यांत आळशी होत नाही, डोक्याचा फोटो काढून बघा.

पराएटलला, म्हणजे वरच्या मधल्या खोलीला पुस्तकात दोन ओळी असतात, स्पर्श आणि जागेचं भान. ते भान म्हणजे काय हे मला एका काकूंनी शिकवलं. नवऱ्याला मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक, हातपाय थोडे कमी, बोलणं चांगलं. काकू म्हणाल्या, "डॉक्टर, यांना झालंय काय, रोज ताटात लोणचं वाढते, तरी रोज ओरडतात लोणचं दे म्हणून." आपलं पान कसं असतं, डावीकडे मीठ-लिंबू-चटणी-लोणचं-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी. तर काका भाजी, आमटी, अर्धी पोळी खायचे आणि डावीकडचं सगळं जसंच्या तसं. दिसत होतं हो त्यांना, डोळे चांगले होते, पण मेंदूच्या हिशोबी जगाची डावी बाजूच नव्हती. मी म्हटलं ताट अर्धं फिरवा. फिरवलं, लोणचं उजवीकडे आलं, काका खूश, आणि मग आमटी कुठे गेली म्हणून ओरडा. दाढीसुद्धा अर्धीच करायचे. याला नेग्लेक्ट म्हणतात, उजवा पराएटल गेला की जास्त होतं, आणि असा पेशंट स्वतः कधीच तक्रार करत नाही, कारण जे नाहीच त्याची तक्रार काय करणार.

ऑक्सिपिटल सोपं आहे. डोळे पुढे असले तरी बघण्याचं मुख्य ऑफिस डोक्याच्या पार मागे आहे. एका बाजूचं गेलं की दोन्ही डोळ्यांना समोरच्या दृश्याचा अर्धा भाग दिसत नाही. लोक याला चष्म्याचा नंबर समजतात. गाडीच्या एकाच बाजूला वारंवार ओरखडे, दाराच्या एकाच चौकटीला खांदा, पेपर वाचताना ओळीचं अर्धंच, असं काही असेल आणि डोळ्यांचे डॉक्टर डोळा चांगला आहे म्हणत असतील तर आमच्याकडे या.

टेम्पोरलमध्ये ऐकणं, चेहरे ओळखणं, आणि आतल्या घडीत दोन फार महत्त्वाच्या वस्तू आहेत. एक अमिग्डाला, बदामाएवढी, भीतीची घंटा. दुसरी हिप्पोकॅम्पस, नवीन आठवण बनवायची जागा. हिप्पोकॅम्पसचं काम कळलं ते हेन्री मोलायसन या अमेरिकन माणसामुळे. त्याच्या फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये सर्जननी दोन्ही बाजूंचा हा भाग काढला, फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर २००८ मध्ये वारेपर्यंत त्याला नवीन काहीही लक्षात राहिलं नाही. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाई त्याला कित्येक वर्षं भेटत होत्या, प्रत्येक वेळी त्याच्यासाठी पहिलीच भेट. पण गंमत बघा, आरशात बघून चांदणीवरून पेन्सिल फिरवायची अवघड कसरत तो रोज जास्त चांगली करत गेला, आदल्या दिवशी केली होती हे मात्र आठवत नसे. म्हणजे हाताची आठवण वेगळ्या कपाटात आणि प्रसंगाची वेगळ्या.

अल्झायमरची सुरुवात बहुतेकदा याच भागात होते. म्हणून आजी १९७२ च्या दुष्काळात कुठल्या विहिरीवरून पाणी आणलं ते विहिरीच्या मालकाच्या नावासकट सांगते आणि तासाभरापूर्वी जेवली ते आठवत नाही, मग आल्यागेल्याला सांगते की सून मला जेवायला देत नाही. सून बिचारी रडते. आजी खोटं बोलत नाहीये आणि सूनही वाईट नाही, हिप्पोकॅम्पसने जेवणाची नोंदच केलेली नाही. हे नीट समजावून सांगितल्यावर घरातली भांडणं मिटलेली मी बघितलीत, गोळीने तेवढा फरक पडत नाही.

टेम्पोरलच्या फिट्ससुद्धा फसव्या असतात. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं, जळकट वास येतो, हे सगळं आधी घडून गेलंय असं वाटतं, मग माणूस मिनिटभर टक लावून बघत ओठ चाटत राहतो, हाताने कपडे चाळवतो. खाली पडत नाही, फेस येत नाही, त्यामुळे लोक बाहेरचं काहीतरी आहे म्हणून अंगारे-धुपारे करतात आणि दोन-चार वर्षं जातात. फिट कुठलीही असो, कांदा आणि चप्पल हुंगवणं बंद करा. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर सरळ हॉस्पिटल.

दोन्ही अर्ध्यांना जोडणारा जाड पूल आहे, कॉर्पस कॅलोसम, साधारण २० कोटी धागे. तो कापलेल्या पेशंटवर रॉजर स्पेरी यांनी काम केलं, १९८१ चं नोबेल मिळालं. त्यावरूनच ते डावा मेंदू गणिताचा उजवा मेंदू कलेचा हे खूळ निघालं. कामाची वाटणी थोडीफार आहे, पण तुमचा पूल शाबूत आहे, दोन्ही बाजू चोवीस तास बोलत असतात, कुणी "राइट ब्रेन पर्सन" वगैरे नसतं. आणि आपण मेंदू १० टक्केच वापरतो हे तर साफ खोटं. तसं असतं तर लकव्यात कधीतरी ते बिनकामाचे ९० टक्केच गेले असते आणि काहीच बिघडलं नसतं, असं होतं का हो?

आता आत खोलवर. मध्यात थॅलॅमस, हे जंक्शन. अंगातून, डोळ्यातून, कानातून येणारी प्रत्येक गाडी इथे थांबून पुढे आपापल्या फलाटाला जाते, अपवाद फक्त वासाचा, तो थेट आत शिरतो. इथे स्ट्रोक झाला तर काहींना काही आठवड्यांनी अंगाच्या विरुद्ध बाजूला आग आग होते, चादर लागली तरी सहन होत नाही. त्याच्या खाली हायपोथॅलॅमस, वजन जेमतेम ४ ग्रॅम, पण भूक, तहान, झोप, अंगाचं तापमान, सगळं तिथून. त्याला वाटाण्याएवढी पिट्युटरी लटकलेली, ती बाकीच्या ग्रंथींची मुकादम. एवढं पुरे.

बेसल गँग्लिया, म्हणजे तिथेच खोल असलेले पेशींचे पुंजके, मात्र थोडं थांबून. हालचाल सुरू करायची, तिचा वेग आणि आकार ठरवायचा हे काम यांचं. यांना डोपामिन नावाचं रसायन पुरवणाऱ्या पेशी मरायला लागल्या की पार्किन्सन. सगळ्यांना हात थरथरणं माहीत असतं, पण माझ्याकडे एक गृहस्थ आले ते बँकेने चेक परत केला म्हणून. सही जुळत नाही. मी त्यांना कागदावर तेच वाक्य पाच वेळा लिहायला सांगितलं, पहिली ओळ ठीक, दुसरी जरा लहान, पाचव्या ओळीत अक्षरं मुंगीएवढी आणि शिरोरेघ खाली उतरलेली. हात थरथरत नव्हता अजिबात. असे लोक उंबरठ्यावर पाय चिकटल्यासारखे अडकतात, पण जिना सरळ चढतात. जमिनीवर पट्ट्या आखून दिल्या तर त्या ओलांडत चालतात. आपोआप चालण्याची वाट बंद, पण बघून टाकलेल्या पावलाची वाट उघडी. तुमच्या बाबांच्या आरतीच्या बरोब्बर उलट बघा, तिथे आपोआपचं उघडं आहे आणि ठरवून करायचं बंद.

छोटा मेंदू नावाने छोटा. वजनाने एकूणच्या १० टक्के, पण पेशी मोजल्या तर मेंदूत सगळ्या मिळून अंदाजे ८,६०० कोटी न्यूरॉन, त्यातले ६,९०० कोटीच्या आसपास एकट्या याच्यात. तोल, हालचालीतला नेमकेपणा, बोलण्याची लय. दारू प्यायलेला माणूस जसा पाय फाकवून झोकांड्या देत चालतो आणि अडखळत बोलतो, ती छोट्या मेंदूची झिंग. आणि इथे बिघाड ज्या बाजूला, त्रासही त्याच बाजूला, क्रॉस नाही. मुंबईच्या डॉ. नोशीर वाडियांनी १९७१ मध्ये आनुवंशिक अटॅक्सियाचा, म्हणजे तोल जाण्याच्या आजाराचा, एक वेगळा प्रकार जगापुढे मांडला, तोल जातोच शिवाय डोळे इकडून तिकडे फिरवायचा वेग मंदावतो. आमच्या ओपीडीत आजही अशी कुटुंबं येतात, बाप, काका, आता मुलगा.

छोट्या मेंदूचा स्ट्रोक ओळखण्यात सगळ्यात जास्त चूक होते. अचानक गरगरणं, उलट्या, उभं राहता येत नाही. घरचे म्हणतात पित्त झालं, कुणी म्हणतं मानेचा मणका, दोन इंजेक्शनं होतात, सीटी केला तरी सुरुवातीला बऱ्याचदा त्यात काही दिसत नाही. आणि ही जागा इतकी अरुंद आहे की सूज आली तर शेजारच्या देठावर दाब येऊन माणूस दगावू शकतो. वयस्क, बीपी-शुगरवाला माणूस, पहिल्यांदाच अशी चक्कर आणि आधाराशिवाय उभंच राहता येत नाही, तर पित्त म्हणून घरी ठेवू नका.

शेवटी देठ. वरून मिडब्रेन, पॉन्स, मस्तिष्कपुच्छ, सगळं मिळून अंगठ्याएवढं. मिडब्रेन म्हणजे डोळ्यांची हालचाल, बुबुळाचं लहान-मोठं होणं वगैरे. मध्यंतरी मुलांसाठी "मिडब्रेन ॲक्टिव्हेशन"चे क्लास जोरात होते, डोळ्याला पट्टी बांधून पोरं रंग ओळखतात म्हणे. नाकाजवळच्या फटीतून बघतात, दुसरं काही नाही. तुमच्या पोराचा मिडब्रेन ॲक्टिव्हेट नसता तर ते व्हेंटिलेटरवर असतं, पैसे वाचवा.

पॉन्सच्या पुढच्या अंगाला मोठा स्ट्रोक झाला तर हात, पाय, तोंड सगळं बंद होतं पण शुद्ध पूर्ण असते, फक्त डोळे वर-खाली करता येतात आणि पापणी मिटता येते. लॉक्ड-इन म्हणतात. बाहेरून कोमा वाटतो. म्हणून आयसीयूत असा पेशंट असला की मी कानाशी जाऊन सांगतो, ऐकू येत असेल तर वर बघा. एकदा एका बाईंनी वर बघितलं. मागे उभ्या असलेल्या सिस्टरच्या हातातला ट्रे खाली पडला, कारण नऊ दिवस सगळे त्यांच्या बेडपाशीच त्या वाचणार की नाही यावर चर्चा करत होते.

मस्तिष्कपुच्छात श्वास, हृदयाचे ठोके, गिळणं, उचकी, उलटी. कायद्याने ब्रेन डेथ ठरवताना आपल्याकडे, अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्यानुसार, चार डॉक्टर सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतात ते हेच देठ, आणि त्यातली मोठी चाचणी ही की व्हेंटिलेटर काढल्यावर श्वास घ्यायचा एक तरी प्रयत्न होतो का.

आता पुन्हा तुमच्या बाबांकडे. जी पेशी मेली ती परत येत नाही. एका अंदाजाप्रमाणे मोठ्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला १९ लाख न्यूरॉन जातात, म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यायचं असतं, आणि मोठी नळी बंद असेल तर काही पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत तारेने गुठळी काढता येते. ती वेळ तुमची गेली, त्यावर आता हळहळत बसू नका. पण मेलेल्या जागेच्या कडेला दमलेल्या पेशी असतात त्या सावरतात, आणि आजूबाजूचे भाग काही काम उचलतात. पहिले तीन महिने सुधारणा सगळ्यात जोरात, त्यानंतर हळू. बोलणं वर्षभर, कधी दोन वर्षंसुद्धा पुढे सरकत राहतं. हाताच्या बोटांचं बारीक काम सगळ्यात शेवटी येतं आणि सगळ्यांना येत नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

स्पीच थेरपिस्ट आजच शोधा, फक्त फिजिओवर थांबू नका. घरी बोलताना टीव्ही बंद, एका वेळी एकच माणूस, छोटं वाक्य, आणि ओरडायचं नाही, त्यांना ऐकू येतंय. हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असं विचारा, पण त्यांचं "हो हो" प्रत्येक वेळी होच असेल असं धरू नका, चेहरा बघा, बोटाने दाखवायला लावा. त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, वीस सेकंद लागले तर लागू द्या. आणि त्यांच्यासमोर खर्चाचं, जमिनीच्या वाटणीचं, "आता काही खरं नाही" असलं बोलू नका, अशा पेशंटना आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच कळत असतं.

आरतीचा उपयोग करून घ्या. चालीवर बोलायला शिकवायची एक पद्धतच आहे, काहींना चांगला फायदा होतो. साधं करून बघा, डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायला लावा आणि "पा-णी-दे" हे तीन तुकडे गुणगुणत त्यांच्याबरोबर म्हणा, मग हळूच तुम्ही थांबा आणि ते पुढे जातात का बघा. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं, दमले की बंद. पाणी पिताना ठसका लागत असेल तर मात्र आधी गिळण्याची तपासणी, तोपर्यंत पातळ पाणी देऊ नका. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका, एमआरआयची सीडी बरोबर घ्या. ब्रोकाच्या जागेपैकी नेमकं किती गेलंय आणि कडेला किती शिल्लक आहे हे त्या कागदावर नसतं, फोटोत दिसतं.